सासूबाईंची पितळी पातेली मोडीत घालू नकोस

वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘मावशी, सप्रेम नमस्कार. मी कसबा बावड्यात राहते. घरात आम्ही दोघं, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. मिस्टर शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेल्टिंगला आहेत. दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी इंडक्शनची शेगडी आणली. सिलिंडर संपला की दुसरा येईपर्यंत अडायला नको, एवढाच विचार. पण घरातलं एकही पातेलं तिच्यावर चालेना. ठेवलं की टीं टीं वाजते आणि बंद पडते. चांगली जड स्टीलची पातेली, कुकर, सासूबाईंची पितळी भांडी, काहीच नाही. फक्त जुना बिडाचा तवा तापला, पण त्यावरची भाकरी मधे करपली आणि कडेला कच्ची राहिली. दुकानात गेलो तर साडेनऊ हजारांचा सात भांड्यांचा संच दाखवला. घरातली पितळ मोडीत घातली तर तीन हजार कमी करतो म्हणाले. पातेली चार आहेत, सासूबाईंच्या लग्नातली, नाव घातलेली. वर्षातून दोन-तीनदाच माळ्यावरून निघतात. मिस्टर म्हणतात, घालून टाक. सासूबाईंना अजून काही बोललेलो नाही. काय करू? नेमकी कुठली भांडी घेऊ?’

बाळ, संच घेऊ नकोस आणि पातेली मोडीत घालू नकोस. ही दोन उत्तरं आधीच देते, कारण रविवारी तुम्ही दोघं पुन्हा त्या दुकानात जाल आणि तोपर्यंत माझं बाकीचं सगळं वाचून होईल याची खात्री नाही.

आता कारण. ते समजावून सांगणारा माणूस तुझ्या घरातच आहे. मिस्टर ज्या भट्टीवर उभे राहतात ती बहुतेक इंडक्शन फर्नेसच असणार. कोल्हापुरातल्या कितीतरी फौंड्र्या कोळशावर चालणारी जुनी क्युपोला भट्टी सोडून तिच्यावर गेल्या आहेत. त्यांना रात्री जेवताना विचार, भट्टीत जाळ कुठं असतो? जाळ नसतोच. भोवती तांब्याच्या नळीची कॉइल, नळीत थंड पाणी फिरतं, कॉइलमधून वीज जाते आणि आतलं भंगार लोखंड स्वतःच तापत तापत बाराशे अंशांच्या पुढं जाऊन पातळ होतं. तुझ्या ओट्यावर जी शेगडी आली आहे ती याच भट्टीची धाकटी बहीण.

शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातली वीज सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा मागं-पुढं होते. त्यामुळं काचेच्या वर सतत बदलणारं चुंबकी क्षेत्र तयार होतं, आणि त्यात लोखंडाचं बूड आलं की त्या बुडातच वीज गरगर फिरायला लागते. लोखंड तिला अडवतं आणि त्या अडवण्यातून उष्णता होते. गॅसवर जाळ भांड्याला तापवतो. इथं भांड्याचं बूडच चूल होतं. काच तापते ती नंतर, भांड्याच्या आचेनं.

तांबं आणि ॲल्युमिनियम विजेला इतकी सहज वाट देतात की त्यांच्यात पुरेशी उष्णता होतच नाही. पितळही या कामाला उपयोगाचं नाही. काचेखालचं वेटोळं तांब्याचं का करतात, तर ते स्वतः कमी तापावं म्हणून. मग त्याच्यावर ठेवलेलं तांब्या-पितळेचं पातेलं तरी कसं तापणार? शेगडी त्याला ओळखतच नाही, म्हणून टीं टीं करते. सासूबाईंची पातेली यात कुठंही कमी पडलेली नाहीत.

तुझी स्टीलची जड पातेली का चालली नाहीत हे मात्र नीट ऐक, कारण फसगत होते ती इथंच. आपल्याकडं आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या एक खूण शिकवली: ज्या स्टीलला चुंबक चिकटत नाही ते चांगलं स्टील. त्या सांगण्यात तथ्य होतं. ज्याला ३०४ म्हणतात त्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. मुख्यतः क्रोमियममुळं ते गंजाला दाद देत नाही, आणि निकेलमुळं त्याला चुंबक लागत नाही. तू लग्नात हौसेनं निवडून घेतलेली पातेली तशीच असतील. ती उत्तम आहेत, गॅसवर आणखी तीस वर्षं चालतील. पण इंडक्शनला हवं असतं चुंबक धरणारं स्टील. ४३० नंबरच्या स्टीलमध्ये क्रोमियम असतं पण निकेल जवळपास नसतं, म्हणून त्याला चुंबक घट्ट बसतं. (चुंबक लागलं नाही म्हणजे स्टील ३०४ आहेच, असंही समजू नकोस. कमी निकेल आणि जास्त मँगनीज घातलेलं २०२ नंबरचं स्टीलही चुंबक धरत नाही.)

म्हणून चांगल्या भांड्यात हल्ली तीन थर करतात. आत अन्नाला लागणारं ३०४, मधे उष्णता पसरवणारं ॲल्युमिनियम, बाहेर चुंबक धरणारं ४३०. तिन्ही पत्रे एकत्र दाबून भांडं घडवलेलं असेल आणि हे थर काठापर्यंत गेले असतील तर दुकानात त्याला ट्रायप्लाय म्हणतात. फक्त बुडाला जाड चकती बसवलेली असेल तर सँडविच बॉटम. दोन्ही चालतात.

दुकानात जाताना फ्रिजच्या दारावरचं एखादं चुंबक पर्समध्ये टाक आणि मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घे. डब्यावर ‘इंडक्शन बेस’ छापलंय यावर विसंबू नकोस. भांडं उलटं कर, चुंबक बुडावर ठेव. नुसतं लागून चालत नाही, ओढून काढावं लागलं पाहिजे. मग ते मधून कडेकडे सरकवत ने. पुष्कळ ॲल्युमिनियमच्या कढयांना आणि नॉनस्टिक तव्यांना बुडाच्या मधोमध स्टीलची जेमतेम तळहाताएवढी चकती ठोकलेली असते, कधी तर चाळणीसारखी भोकं असलेली. मधे चुंबक बसतं आणि दोन बोटं बाहेर गेलं की सुटतं. असं भांडं तापेल, पण चकतीपुरतंच. पोहे केलेस तर मधले लागतील आणि कडेचे पांढरे राहतील.

मग बुडावर पट्टी आडवी धर आणि डोळ्यासमोर आणून बघ. पट्टीखालून उजेड दिसला तर बूड सपाट नाही. भांडं काचेवर पूर्ण टेकलं पाहिजे. आपल्या गोल बुडाच्या कढया, घिसाड्यांनी ठोकलेले खोलगट तवे यांना चुंबक कडकडून लागतं, तरी इंडक्शनवर त्यांचा उपयोग नाही. बुडाचं एक टोक टेकलेलं आणि बाकी अधांतरी, तापणार किती?

तिसरी गोष्ट हाताला कळते ती जाडी. पातळ स्टीलचं भांडं इंडक्शनवर धोकादायक म्हणावं इतकं लवकर तापतं. मी स्वतः पहिल्यांदा असाच एक चकचकीत संच घेतला होता. बुडं चुंबकाला लागत होती, आकार सुबक होते, बाकी मी काही पाहिलं नाही. पंधरा दिवसांत त्यातल्या तव्यावर तेल टाकण्याआधी फोन वाजला म्हणून मी बाहेर गेले, आले तोवर तव्याचं बूड फुगून वर आलं होतं. तो तवा पुन्हा कधी काचेवर नीट टेकला नाही. सात भांड्यांतली तीन मी वापरली, बाकीची कपाटात पडून राहिली. तुझे साडेनऊ हजार तसे जाऊ नयेत एवढ्यासाठी हे सांगते आहे. रिकामं भांडं इंडक्शनवर मोठ्या आचेवर कधीच ठेवू नकोस, नॉनस्टिक तर मुळीच नाही. त्याचा थर साधारण २६० अंशांपुढं खराब व्हायला लागतो आणि रिकाम्या तव्याला तिथं पोचायला काही मिनिटंच पुरतात.

आता घ्यायचं काय. तुम्ही चार माणसं, स्वयंपाक आपला कोल्हापुरी. मी तुझ्या जागी असते तर तीन भांडी घेतली असती.

पहिला कुकर. जुना ॲल्युमिनियमचा गॅसला राहू दे. नवा स्टीलचा, सँडविच बुडाचा, पाच लिटरचा बघ. इंडक्शनवर तो गॅसपेक्षा लवकर प्रेशर धरतो, तेव्हा एकदम २००० वॅटवर लावू नकोस. १२०० च्या आसपास लाव, पहिली शिट्टी झाली की आणखी खाली आण. आतल्या पाण्याची खात्री मात्र झाकण लावायच्या आधीच करायची.

दुसरी कढई, आणि पैसे खर्च करायचे तर इथं कर. ट्रायप्लायची, सपाट बुडाची, वर रुंद. तांबड्या रश्श्याचं वाटण भाजताना कांदा आणि सुकं खोबरं सगळीकडून सारखं लाल झालं पाहिजे. खोबऱ्याचे दोन काप जरी काळे पडले तरी रश्श्याला कडवटपणा येतो आणि मग कितीही कांदा-लसूण मसाला घाल, तो झाकत नाही. इंडक्शनची आच वेटोळ्याच्या गोलापुरती असते. मधला ॲल्युमिनियमचा थर ती आच बाजूला पसरवतो. पातळ कढईत हे होत नाही.

तिसरं तीन-चार लिटरचं जाड बुडाचं पातेलं, दुधाला आणि रश्श्याला. यात एक गुपित आहे, जे विकणारे सांगत नाहीत. बहुतेक साध्या शेगड्या खरी मंद आच देतच नाहीत. २०० किंवा ३०० वर लावली की त्या काही सेकंद जोरात चालतात आणि काही सेकंद बंद राहतात. रस्सा खदखदतो, थांबतो, पुन्हा खदखदतो. तांबड्याला ते चालून जातं. पांढऱ्याचं तसं नाही. मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात नारळाचं दूध आणि काजू-तिळाचं वाटण घातल्यावर तो जोरात उकळला की फुटलाच. जाड बूड ही बंद-चालू आच स्वतःत जिरवतं आणि वर सारखी देतं. दूध खाली न लागण्याचंही कारण तेच. तरी पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध घातलं की पातेलं गॅसवर घे, असंच मी म्हणेन. दोन तास मटण शिजवून शेवटच्या पाच मिनिटांत पैज लावू नये.

तापताना हे भांडं बारीक गुणगुणेल. थरांच्या कंपनाचा तो आवाज असतो, त्याला घाबरू नकोस.

चहाचं भांडं तू विचारलं नाहीस, पण पहिली चिडचिड तिथंच होईल. बुडाचा व्यास साधारण १२ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बऱ्याच शेगड्या भांडं ओळखत नाहीत. आपलं दोन कपांचं टोप बहुतेक त्याहून लहान असतं. तेवढ्यासाठी नवं घेऊ नकोस, चहा गॅसवर होऊ दे. बाजारात एक लोखंडी चकती मिळते, तिच्यावर कुठलंही भांडं ठेवा म्हणतात. घेऊ नकोस. चकती लालबुंद तापते, खालच्या काचेला आणि यंत्राला भाजून काढते, आणि इंडक्शनचा सगळा फायदा त्या चकतीतच संपतो.

भाकरीचं सांगते. तुझा बिडाचा तवा चांगला आहे, तो टाकायचा नाही. डोसा, धिरडी, थालीपीठ इंडक्शनवर त्याच्यावर सुरेख होतील, मात्र आकार हाताच्या पंजाएवढा ठेव. बीड तापायला वेळ घेतं आणि एकदम तापवलं तर तडकू शकतं, म्हणून आधी चार-पाच मिनिटं ५००-६०० वर, मग वाढव. आणि तवा काचेवर सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा. बिडाच्या खरखरीत बुडानं काचेवर ओरखडे उठतात. ज्वारीची भाकरी मात्र वेगळी. ती वेटोळ्यापेक्षा मोठी असते, म्हणून मधे करपली आणि कडेला कच्ची राहिली. तुझा हात चुकला नाही. शिवाय पाणी फिरवून, उलटून झाल्यावर तिला शेवटी जाळ लागतो तेव्हा ती टम्म फुगते आणि तिला तो भाजका वास येतो. फडक्यानं दाबून तव्यावर फुगवता येते, मी केलं आहे, पण आमच्या घरी ती भाकरी कुणी मागून घेतली नाही. भाकरी गॅसवरच कर. कुकर, दूध, पाणी तापवणं, पालेभाज्या एवढं इंडक्शनवर गेलं तरी तुझा सिलिंडर पुष्कळ लांबेल.

किती परवडेल याचा हिशोब तुझा तूच करू शकतेस. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांएवढी ऊर्जा असते. गॅसच्या शेगडीवर तिच्यातली साठ-पासष्ट टक्के भांड्याला पोचते, इंडक्शनवर पंच्याऐंशीच्या आसपास. म्हणजे एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर करायला अंदाजे १३० युनिट लागतील. महावितरणच्या बिलावर १०० युनिटांपुढचा दर चढा असतो आणि हे युनिट बहुतेक त्या वरच्या टप्प्यातच पडतील, तेव्हा गुणाकार तिथल्या दरानं कर, अधिभार धरून. मग सिलिंडरच्या किमतीशी ताडून बघ.

प्लग कुठं लावला आहे हेही बघून घे. २००० वॅटची शेगडी जवळजवळ नऊ अँपिअर ओढते. मिक्सर लावतो तो लहान प्लग सहा अँपिअरचा असतो. त्याच्यावर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर ती चालवलीस तर वायर तापेल. सोळा अँपिअरचा मोठा प्लग आणि चांगलं अर्थिंग हवंच. नसेल तर भांड्यांच्या आधी वायरमन बोलाव. आणि सासूबाईंना किंवा घरी येणाऱ्या कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना चालू शेगडीजवळ उभं करू नकोस.

राहिली ती चार पातेली. दुकानदार तीन हजार देतो आहे ते धातूच्या वजनाचे. पितळ वितळून पुन्हा पितळ होईल, पण त्यावर ठोकून घातलेलं नाव पुन्हा येणार नाही. ज्यांचं नाव आहे त्या घरात आहेत, आणि त्यांना अजून विचारलेलंही नाही, ही गोष्ट मला पत्रातल्या बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागली. त्या कदाचित म्हणतीलही, ‘घाल बाई मोडीत, माझं काय आता.’ तरी घालू नकोस. बायका तसं म्हणतात.

आणि ती पातेली निव्वळ आठवणीची नाहीत, कामाची आहेत. गॅसवर जाड पितळेचं भांडं साध्या स्टीलपेक्षा पुष्कळ सारखं तापतं. सणावाराला दहा-बारा माणसांचा रस्सा किंवा खीर त्यातच कर. फक्त कल्हई आहे का ते बघ. आतून पांढरं चकचकीत दिसायला हवं. पिवळं डोकावत असेल तर आमसूल, चिंच, दही, टोमॅटो असलं काही त्यात शिजवायचं नाही. कल्हईवाला शोधून करून घे. भांडं तापवून, नवसागर टाकून, कथील कापसानं फिरवतो, पाच मिनिटांचं काम, मुलाला दाखवायला घेऊन जा. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं तापवायचं नाही आणि त्यात मसाला कोरडा भाजायचा नाही. त्यासाठी तुझी नवी कढई आहे.

मिस्टरांना रागावू नकोस. दिवसभर भंगार वितळवणाऱ्या माणसाला जुना धातू भट्टीत घालण्यात वावगं दिसत नाही. पातेलं त्यांच्या हातात दे आणि काठावरचं नाव वाचायला सांग.

रविवारी जाताना सासूबाईंनाही बरोबर ने. ट्रायप्लायची कढई भरली की चांगलीच जड होते, आणि तू घरात नसताना ती त्यांनाच उतरवायची आहे. दोन्ही कान धरून त्यांना उचलून बघू दे. मनगटाला जड गेली तर एक नंबर लहान घे.

— तुझी मावशी